गुळवेलीचा काढा आणि १२ आठवड्यांच्या गोळ्या

तळोजा औद्योगिक वसाहतीत किंवा तिच्या आसपासच्या गृहसंकुलांत रक्तदान शिबिर भरते, तेव्हा बहुतेकांसाठी तो चहा-बिस्किटांवर संपणारा कार्यक्रम असतो. क्वचित एखाद्याला मात्र नंतर रक्तपेढीतून बोलावणे येते. 'हेपेटायटिस सी'ची चाचणी सकारात्मक आली आहे, पुढील तपासणी करून घ्या, असे सांगितले जाते. त्या माणसाला काहीच होत नसते. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली आहे, रात्रपाळीही चुकलेली नाही. घरात पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे कावीळ झाली का?' आणि लगेच दुसरा, 'काविळीचे औषध कोण देतो?' पुढची काही वर्षे वाया जाण्याची सुरुवात अनेकदा या दुसऱ्या प्रश्नापासून होते.

हा प्रश्न अडाणीपणातून येतो, असे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही. रायगडापासून विदर्भापर्यंत जवळजवळ प्रत्येक पंचक्रोशीत काविळीचे औषध देणारा कोणी ना कोणी असतो. कोणी चुन्याच्या निवळीत हात धुऊन पाणी पिवळे झालेले दाखवतो, कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी मुळी उगाळून देतो. त्याच्याकडे गेलेले बहुतेक लोक बरेही होतात. कारण आपल्याकडची नेहमीची कावीळ दूषित पाण्यातून पसरणाऱ्या 'ए' आणि 'ई' या विषाणूंमुळे होते आणि ती बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ घातली तरी ओसरते, न घातली तरी ओसरते. गर्भवतींमध्ये 'ई' जिवावर बेतू शकतो, हा अपवाद लक्षात ठेवलेला बरा. पण एकंदरीत पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव सांगतो की 'औषध लागू पडते'. या अनुभवावर उभा राहिलेला विश्वास 'सी'च्या बाबतीत मात्र घात करतो.

'सी' पाण्यातून येत नाही, रक्तातून येतो. दुसऱ्यावर वापरलेली सुई, नीट निर्जंतुक न केलेली उपकरणे, जत्रेतले गोंदण, डायलिसिस केंद्रातली हयगय, एकमेकांचे वस्तरे, नशेसाठी सामाईक सिरिंज हे त्याचे मार्ग. रक्तपेढ्यांमध्ये या विषाणूची तपासणी सक्तीची होण्याआधी ज्यांना रक्त चढवले गेले, त्यांनाही हा धोका होता. एका ताटात जेवल्याने, डबा वाटून घेतल्याने किंवा गळाभेटीने तो पसरत नाही. शरीरात शिरल्यावर साधारण ३० टक्के लोकांमध्ये तो सहा महिन्यांत स्वतःहून निघून जातो. उरलेल्या ७० टक्क्यांत तो मुक्काम करतो. मुक्काम केलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांचे यकृत २० वर्षांत कडक, गाठाळ होते. यालाच सिरोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. त्यांतल्या बहुसंख्यांना त्याचा पत्ताही नसणार, कारण कावीळ किंवा पोटात पाणी होईपर्यंत यकृत तक्रार करत नाही.

'नैसर्गिक उपायाने सी बरा झाला' अशा कथा सर्वत्र ऐकू येतात. त्यांतल्या सगळ्याच खोट्या नसतात. पण त्या समजून घेण्यासाठी दोन चाचण्यांतला फरक माहीत हवा. शिबिरात किंवा रुग्णालयात प्रथम होते ती प्रतिपिंडांची चाचणी. विषाणू कधी काळी येऊन गेला, एवढेच ती सांगते, आणि विषाणू गेल्यावरही ती बहुधा आयुष्यभर सकारात्मक राहते. विषाणू आज रक्तात आहे का, हे सांगते ती 'आरएनए' चाचणी. आता ज्या तीस टक्क्यांचा विषाणू आपोआप गेला आहे, अशा एखाद्याची पहिली चाचणी सकारात्मक आली, त्याने सहा महिने काढा घेतला आणि मग 'आरएनए' केली, तर ती नकारात्मक येणारच. श्रेय काढ्याला जाते. दुसरी गफलत 'एसजीपीटी'ची. दीर्घकालीन हेपेटायटिस सीमध्ये हा आकडा उपचाराविना वर-खाली होत राहतो. वर असताना औषध सुरू केले आणि पुढच्या महिन्यात तो उतरला, की कागदावर पुरावा तयार! आकडा सामान्य असतानाही यकृतात जखमेचे व्रण साचत राहू शकतात, हे त्या कागदावर दिसत नाही.

रुग्ण वनौषधींकडे वळले, यात त्यांचा दोष नव्हता, हेही सांगायला हवे. १९८९ मध्ये हा विषाणू ओळखला गेला, त्यानंतरची सुमारे दोन दशके डॉक्टरांच्या हातात इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाविरिनच्या गोळ्या एवढेच होते. सहा महिने ते वर्षभर इंजेक्शने, ताप, अंगदुखी, नैराश्य, रक्तक्षय, लाखांत खर्च आणि एवढे सोसूनही जवळपास निम्म्यांना अपयश. अशा वेळी कोणी कुटकी, भुईआवळी किंवा परदेशातून आलेल्या 'मिल्क थिसल'च्या कॅप्सूल घेतल्या असतील, तर ते समजण्यासारखे आहे. परिस्थिती बदलली, पण त्या काळातला सल्ला मात्र जसाच्या तसा फिरत राहिला आहे.

या वनस्पतींना संशोधकांनी हात लावलाच नाही, हा आरोपही टिकत नाही. मिल्क थिसलमधील सिलिमारिन हे यकृताचे सर्वांत प्रसिद्ध 'नैसर्गिक' औषध. इंटरफेरॉनने बरे न झालेल्या १५४ रुग्णांवर अमेरिकेत त्याची चाचणी झाली. नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेत ते २४ आठवडे दिले गेले. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सिलिमारिन घेणारे आणि नकली गोळी घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. भुईआवळीची कथा आपल्या अधिक जवळची आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी, हेपेटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी नोबेल मिळवलेल्या बारुख ब्लुमबर्ग यांच्यासह, 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून 'बी'ची खूण नाहीशी झाली होती. जगभर खळबळ उडाली. मग इतर ठिकाणी तोच प्रयोग झाला आणि तो निकाल पुन्हा मिळाला नाही. शिवाय तो अभ्यास 'बी'चा होता. बाजारात मात्र तो 'सी'च्या डब्यावरही चिकटवला जातो. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनची इंजेक्शने जपानमध्ये वर्षानुवर्षे वापरली गेली. त्याने यकृताची सूज दाखवणारे आकडे उतरतात. विषाणू जात नाही. जास्त दिवस जास्त ज्येष्ठमध घेतले तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते, हा वेगळाच ताप.

'फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय?' या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच मिळाले आहे. करोनाकाळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत यकृतविकारतज्ज्ञ डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल घेतलेले आणि यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ मध्ये त्यांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखे चित्र त्यांतल्या अनेकांत होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांना हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे, दिसायला सारखी असलेली दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्याचे म्हणणे होते. हा युक्तिवाद मान्य केला, तरी विकत घेणाऱ्याची अडचण कमी होत नाही, उलट वाढते. कुंपणावरची किंवा पुडीतली वेल नेमकी कोणती, हे पनवेलच्या बाजारातला ग्राहक ओळखणार कसा? आधीच विषाणूने पोखरलेल्या यकृताला असली परीक्षा परवडत नाही. धातूंची भस्मे असलेली औषधे आणि 'डिटॉक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल यांनाही हेच लागू आहे.

याचा अर्थ गोळ्यांखेरीज रुग्णाने करण्यासारखे काहीच नाही, असा नाही. बरेच आहे, फक्त ते बाटलीत मिळत नाही. दारू पूर्ण बंद, 'फक्त बिअर' हीसुद्धा. वजन आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, कारण चरबीने सुजलेले यकृत विषाणूबरोबर दुप्पट वेगाने खंगते म्हटले तरी अतिशयोक्ती फारशी होणार नाही. हेपेटायटिस ए आणि बीच्या लशी घेणे. चालणे, योगासने, पुरेशी झोप यांनी विषाणू मरत नाही, पण या आजारात येणारा न संपणारा थकवा सुसह्य होतो. कॉफीबद्दलची माहिती तर गमतीशीर आहे. यकृत बरेच खराब झालेल्या सी रुग्णांवरील अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला तीन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांचा आजार सावकाश वाढताना दिसला. चहाचा तसा परिणाम दिसला नाही, हे वाचून मराठी माणूस खट्टू होईल. अर्थात हे निरीक्षण आहे, उपचार नव्हे. 

खाण्याचे पथ्य हा आणखी एक घोळ. कावीळ म्हटले की घरात हळद-तेल बंद होते, डाळ-अंडी-मासे बंद होतात आणि उसाचा रस व मुळा सुरू होतो. दीर्घकालीन यकृतविकारात हे उलटे पडते. सिरोसिसच्या रुग्णाचे स्नायू झिजत असतात. त्याला प्रथिने नेहमीपेक्षा जास्त लागतात आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे उपयोगी ठरते. पोटात पाणी होत असेल तर मीठ कमी करावे लागते, म्हणजे पापड-लोणचे आणि सुकी मासळी बाजूला. उसाचा रस मधुमेहींसाठी तर नकोच. लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

मूळ उपाय आता फार साधा झाला आहे. सोफोसबुविर २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आले तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर, १२ आठवड्यांच्या कोर्सची ८४ हजार डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि २०१५ मध्ये २८ गोळ्यांची बाटली इथे सुमारे २० हजार रुपयांत मिळू लागली. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून या कार्यक्रमाच्या सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. सिरोसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर, असेल तर सोफोसबुविर आणि वेलपाटास्विर. बहुतेकांना १२ आठवडे, यकृत फारच बिघडले असेल तर अधिक औषध किंवा अधिक काळ. शंभरातले ९५ च्या आसपास रुग्ण विषाणूमुक्त होतात. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी 'आरएनए' नकारात्मक आली की आजार बरा झाला, असे मानतात. दीर्घकालीन विषाणूसंसर्गात 'बरा' हा शब्द इतक्या ठामपणे क्वचितच वापरता येतो.

या १२ आठवड्यांत मात्र घरगुती प्रयोग दूर ठेवायला हवेत. वेलपाटास्विर पोटात विरघळायला आम्ल लागते. पित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारख्या गोळ्या त्याचा परिणाम घटवतात. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन या औषधांना जवळजवळ निष्प्रभ करते. हृदयासाठी अ‍ॅमिओडारोन घेणाऱ्यांना सोफोसबुविर धोक्याचे ठरू शकते. शरीरात हेपेटायटिस बी दबून असेल तर सी जाताना तो उसळू शकतो, म्हणून त्याची तपासणी आधी होते. काढा घेत असाल तर तोही डॉक्टरांना सांगावा, आणि डॉक्टरांनीही तो ऐकताना कपाळाला आठ्या घालू नयेत. रुग्ण लपवतो ते बहुधा या आठ्यांमुळेच.

तळोजात हा प्रश्न इतर उपनगरांपेक्षा थोडा अधिक टोकदार आहे. इथे रसायने आणि औषधांचे कारखाने आहेत. कामगाराचे 'एसजीपीटी' वाढलेले दिसले की दोष द्रावकांना, दारूला किंवा वजनाला दिला जातो आणि टॉनिक लिहून दिले जाते. त्याच रक्ताच्या नमुन्यातून हेपेटायटिस बी आणि सीची चाचणी करायला फारसा खर्च येत नाही. कारखान्यांच्या वार्षिक तपासणीत ती असावी, निकाल गुप्त राहावा आणि त्यावरून कोणाचे कंत्राट जाऊ नये. विश्वास नसेल तर कामगार चाचणीलाच येणार नाहीत. दुसरीकडे इथले मध्यवर्ती कारागृह. जगभर तुरुंगांमध्ये हा विषाणू बाहेरच्यापेक्षा जास्त आढळतो. सामाईक वस्तरे, गोंदण आणि सुया ही कारणे. राष्ट्रीय कार्यक्रमात कैद्यांचा विचार आहे, पण कच्च्या कैद्याला सहाव्या आठवड्यात जामीन मिळाला किंवा त्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली, तर उरलेल्या सहा आठवड्यांच्या गोळ्या त्याच्यासोबत जातात का, यावर सगळे अवलंबून आहे. हे काम कारागृह, जिल्हा रुग्णालय आणि पनवेल महापालिका यांनी मिळून करायचे आहे. त्यासाठी नवे औषध शोधायला नको, एक नोंदवही आणि ती सांभाळणारा माणूस पुरे.

ज्यांचे यकृत उपचारापूर्वीच सिरोसिसपर्यंत गेले आहे, त्यांना विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण कर्करोगाचा धोका कमी झाला तरी संपत नाही. आणि एकदा बरा झालेला माणूस दूषित सुईने पुन्हा बाधित होऊ शकतो. रक्तदान मात्र त्याला यापुढे करता येत नाही. शिबिरात त्याने स्वतःहून तसे सांगितलेले बरे.