माळ वाढते, तशी गाठही वाढते

कावीळ झाली की आपल्या आंबेगाव-जुन्नर भागात दवाखान्याच्या आधी माळ आठवते. कोणी नाकात कडू रसाचे थेंब टाकून घेतो, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी ‘उतरवून’ येतो. महाळुंगे पडवळ असो, मंचर असो की घोडेगाव, “काविळीवर डॉक्टरकडे औषधच नसते” हे वाक्य प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळते. आम्ही आधी वॉर्डात परिचारिका म्हणून काम केले, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. आमचे मत स्पष्ट आहे. यकृताचा किंवा पित्तनलिकेचा कर्करोग असलेले कितीतरी रुग्ण या एका वाक्यापायी शस्त्रक्रियेची वेळ गमावतात.

या समजुतीला धरून ठेवणारे एक कारण आहे, ते आधी समजून घेऊ. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुतेकांमध्ये विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घातली तरी बरी होते, न घातली तरी होते. श्रेय मात्र माळेला जाते. ती वाढते म्हणून कावीळ उतरली असे सांगतात. प्रत्यक्षात ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि दोरा लांबतो. हात धुताना निघणाऱ्या पिवळ्या पाण्याचेही तसेच. झाडाच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले की निरोगी माणसाच्या हातावरही पिवळा रंग येतो. बाबासाहेबांनी आपल्याला कारण विचारायला शिकवले. ते इथेही विचारायला हवे.

कारण काविळीचा दुसराही प्रकार आहे. यकृतात तयार झालेले पित्त पित्तनलिकेतून आतड्यात येते. त्या वाटेत खडा किंवा गाठ आली तर पित्त तुंबते आणि रक्तात उतरते. अशी कावीळ पुष्कळदा दुखल्याशिवाय, तापाशिवाय येते आणि दर आठवड्याला वाढत जाते. शौचाचा रंग पांढुरक्या मातीसारखा होतो, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, अंगाला इतकी खाज सुटते की रात्री झोप लागत नाही, वजन उतरते. ही लक्षणे दिसली की माळेचा विषय संपला. त्याच आठवड्यात रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी झालीच पाहिजे. सोबत थंडी वाजून ताप आला तर एक दिवसही थांबू नये, कारण तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला की जीव धोक्यात येतो.

आमच्या ओळखीतील एका शेतमजूर बाईंनी सहा आठवडे माळ घातली. माळ कमरेपर्यंत आली म्हणून घरच्यांना हायसे वाटले, पण बाईंची खाज थांबली नाही. अखेर सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन झाला, तेव्हा गाठीने यकृताच्या रक्तवाहिन्यांना वेढले होते. शस्त्रक्रिया शक्य नव्हती. पित्त वाहते राहावे म्हणून नळी टाकता आली, तेवढेच. सहा आठवडे आधी आल्या असत्या तर त्या नक्की वाचल्या असत्या, असे आम्ही म्हणणार नाही. पण शस्त्रक्रिया होईल का, हा प्रश्न तरी सर्जनपुढे वेळेत गेला असता.

या कर्करोगांत पूर्ण बरे होण्याची खरी आशा मुख्यतः शस्त्रक्रियेतच असते. म्हणून ती काय असते हे आपल्या माणसांना माहीत हवे. यकृत हा पुन्हा वाढणारा अवयव आहे. सर्जन त्याचे आठ भाग मानतात आणि गाठ ज्या भागात आहे तो भाग काढतात. यकृत निरोगी असेल तर ते निम्म्याहून जास्त काढले तरी उरलेला भाग काम सांभाळतो आणि पुढच्या काही महिन्यांत बराचसा भरून येतो. उरणारा भाग फार लहान पडणार असेल तर रोगट बाजूला रक्त नेणारी मोठी शीर आधी बंद करतात आणि साधारण महिनाभर थांबतात. तेवढ्यात चांगली बाजू वाढते, मग शस्त्रक्रिया होते. दारूने किंवा जुन्या संसर्गाने यकृत आधीच कडक झाले असेल, म्हणजे सिरॉसिस असेल, तर मात्र इतके काढता येत नाही.

पित्तनलिकेचे काम अधिक नाजूक. यकृतातून निघणाऱ्या दोन फांद्या जिथे मिळतात, त्या बेचक्यात गाठ असेल तर नलिकेबरोबर यकृताची एक बाजूही बहुधा काढावी लागते आणि उरलेल्या फांद्या आतड्याला जोडाव्या लागतात. गाठ खालच्या टोकाला असेल तर व्हिपल नावाची शस्त्रक्रिया करतात. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि नलिकेचा खालचा भाग काढून सगळे पुन्हा जोडतात. हे कित्येक तासांचे काम आहे. अशा शस्त्रक्रिया वारंवार होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे जगभर दिसून आले आहे. म्हणून जवळचा दवाखाना कोणता, यापेक्षा हे काम नेहमी करणारे केंद्र कुठे आहे, असे विचारा. आणि ताप नसेल तर नळी टाकण्याआधी सीटी किंवा एमआरआय करून सर्जनचे मत घ्यायचे आहे का, हेही डॉक्टरांना विचारा. नळी टाकल्यावर गाठीची हद्द फोटोत नीट दिसत नाही.

“पोट उघडले, हवा लागली की कॅन्सर पसरतो” असेही लोक म्हणतात. हवेने कर्करोग पसरत नाही. आधीच पसरलेला आजार पोट उघडल्यावर दिसतो, आणि दोष शस्त्रक्रियेला मिळतो. 2025 च्या जून महिन्यात पुण्यात जन्मलेल्या अभिनेत्री दीपिका कक्कर यांच्या यकृतातील टेनिसच्या चेंडूएवढी गाठ मुंबईत काढली गेली. शस्त्रक्रिया 14 तास चालली, यकृताचा सुमारे 22 टक्के भाग काढावा लागला, ही माहिती त्यांच्या कुटुंबानेच जाहीर केली. त्यांचीही सुरुवात पोटदुखीनेच झाली होती. त्यांचे पुढचे पाऊल तपासणीचे होते. आपल्या माणसाचे पुढचे पाऊलही तेच असले पाहिजे.

“त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे कुठे?” हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर हक्कात शोधावे लागेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै 2024 पासून प्रत्येक रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया त्यात येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, पहिली भेट त्याची घ्या. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. ही कोणाची मेहेरबानी नाही. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. आजारपणात दाखल्यासाठी घोडेगावच्या खेपा घालण्यात आठवडा जातो.

महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होते. 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर त्यांनी प्राण दिले. त्याच मुंबईच्या गिरणगावात, परळला, 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. यकृत आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियांचा तिथे मोठा अनुभव आहे आणि गरिबांना सवलतीत उपचार मिळतात. नातेवाइकांना राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. पण नुसत्या मुंबईच्या भरवशावर किती दिवस राहायचे? बुडालेली मजुरी, प्रवास आणि भरती होण्याआधीच्या तपासण्या यातच घर कर्जात जाते. म्हणून आमची मागणी आहे की तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कावीळ असलेल्या रुग्णाची सोनोग्राफी आठवड्याच्या आत मोफत व्हावी, आणि प्रत्येक महसूल विभागात या शस्त्रक्रिया नेहमी करणारे एक तरी सरकारी केंद्र असावे. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

गाठ होऊच नये यासाठीही करण्यासारखे पुष्कळ आहे. यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण हिपॅटायटिस बी हा विषाणू आहे. बाळाला जन्मानंतर 24 तासांत त्याची लस मिळाली का, हे आशाताईंना विचारा. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधे मोफत आहेत. बी असलेल्या आणि सिरॉसिस झालेल्या रुग्णांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारावे, कारण यकृतातली गाठ सुरुवातीला कावीळ दाखवत नाही. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका खाऊ नका. आणि पंचशीलातले पाचवे शील विहारात म्हणायचे व संध्याकाळी विसरायचे, असे चालणार नाही. यकृताला दोन्ही कळते.

ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही त्यांनाही वाऱ्यावर सोडायचे नाही. नळी टाकून खाज आणि कावीळ कमी करणे, वेदना थांबवणे हेही उपचारच आहेत आणि रुग्णाला ते मागण्याचा हक्क आहे.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे या विषयाला द्या. पांढुरके शौच, गडद लघवी, खाज आणि वाढती कावीळ, ही चार लक्षणे विहाराच्या फलकावर लिहा. वस्तीत कोणाला ती दिसली तर महिला मंडळाच्या दोघीजणींनी त्या रुग्णाला सोबत घेऊन आठवड्याच्या आत सोनोग्राफीला न्यावे. माळवाल्याशी भांडत बसायची गरज नाही. रुग्ण वेळेवर सर्जनपुढे पोहोचला, म्हणजे आपले काम झाले.

जय भीम!