रंगांची पुण्याई

मारिओ बाव्हाचा ‘सेई दोन्ने पेर लास्सासिनो’ (१९६४) हा इटालियन खूनपट केवळ रंगांसाठी पाहावा, असे आमचे रसिक मित्र सांगतात. रंग अपूर्व आहेत, हे मान्य. पण कथेचे खरे बळ एका रोजनिशीत आहे. खून झालेल्या तरुणीची ती वही सापडताच फॅशनगृहातील साऱ्यांची चर्या पालटते. दप्तरात जन्म घालविणाऱ्या आम्हांस कागदाचे हे भय चांगले ठाऊक आहे! पुढे वही जळते आणि चित्रपट माणसांकडे पाठ फिरवितो. इन्स्पेक्टर संशयितांस कोंडतो, तोच आणखी एक खून पडतो. तर्क लंगडाच राहतो. उरतात त्या सुंदर प्रकाशात मरणाऱ्या स्त्रिया. जेथे मृत्यूची आरास होते पण मृताचा शोक होत नाही, त्या कलेला रंगांच्या पुण्याईवर निर्दोष सोडण्यास आमची तयारी नाही.