दुकानांतील नोकरांची साप्ताहिक सुटी

गिरण्यांतील मजूर, रेल्वेवरील नोकर, कचेऱ्यांतील कारकून यांच्या सुखदुःखांची चर्चा आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षें चालू आहे, आणि ती व्हावी हें योग्यच आहे. परंतु ज्याच्या हातून आपण रोज मीठ, साखर, औषध व कापड घेतों, त्या दुकानांतील नोकराचा दिवस केव्हां सुरू होतो व केव्हां संपतो, याची चौकशी करण्याची बुद्धि आपणांपैकीं फारच थोड्यांस होते. एका दुकानांत असे नोकर दोन किंवा तीन. त्यामुळें त्यांची सभा भरत नाहीं, त्यांचा संप होत नाहीं, आणि त्यांचें गाऱ्हाणें मालकाच्या गल्ल्यापलीकडे जात नाहीं. त्यांच्याविषयीं आज आम्ही दोन शब्द लिहीत आहों, आणि ते मुख्यतः दिव्याच्या व्यापाऱ्यांस उद्देशून आहेत.

दिव्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. वसई, पनवेल व कोंकण या बाजूंचे लोहमार्ग येथें मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गास मिळतात, आणि डिसेंबर २०१६ पासून जलद लोकलहि येथें थांबूं लागल्या. सकाळीं अर्धें गांव मुंबईच्या वाटेस लागतें आणि रात्रीं परत येतें. त्यामुळें दुकानदाराचें खरें गिऱ्हाईक दिवेलागणीनंतरचें. नऊची गाडी येते, तेव्हां किराण्याच्या दुकानापुढें पुन्हां गर्दी होते; दहा वाजतां औषधवाल्याकडे कोणी तरी धांवत येतो. जें दुकान सकाळीं ९ ला उघडून रात्रीं १० ला मिटतें, त्यांतील नोकराचा जेवणाचा एक तास वगळला तरी दिवसाचे १२ तास भरतात. आणि सुटीचा वार ठरलेला नसेल तर आठवड्याचे ८४. त्यांतील बहुतेक वेळ उभ्यानें जातो. साडीच्या किंवा भांड्यांच्या दुकानांतील बाईस गिऱ्हाईक नसतांना बसावयास एक स्टूल मिळावें, एवढ्यासाठीं केरळांत २०१८ सालीं व तामिळनाडूंत २०२१ सालीं कायदा करावा लागला, यावरून ही गोष्ट क्षुल्लक नाहीं हें दिसून येईल.

मालकास विचारलें तर तो सांगतो, "पोरगा आमच्या घरच्यासारखाच आहे, सुटी मागितली तर मी कधीं नाहीं म्हणत नाहीं." यांत लबाडीच असते असें आम्ही म्हणत नाहीं. नोकराच्या आईच्या दुखण्यांत किंवा बहिणीच्या लग्नांत पदरचे पैसे देणारे दुकानदार पुष्कळ आहेत. परंतु मागून मिळणारी सुटी आणि ठरलेली सुटी यांत फार अंतर आहे. मागणाऱ्यास दर वेळीं कारण सांगावें लागतें, मालकाची मर्जी पाहावी लागते, आणि पगारांतून दिवस कापला जाईल कीं काय ही धाकधूक मनांत वागवावी लागते. घरांत कोणी आजारी नाहीं, कोणाचें लग्न नाहीं, केवळ मुलाला घेऊन ठाण्यास तलावपाळीवर जाऊन बसावें असें वाटलें, तर तें कारण गल्ल्यापुढें उभें राहून सांगण्याची त्याची छाती होत नाहीं. ज्याला आपण घरचा म्हणतों, त्याला त्याचें स्वतःचें घर आहे, हें या बोलण्यांत विसरलें जातें.

कायदा काय म्हणतो तें पाहूं. मुंबई इलाख्यानें १९३९ सालीं दुकानांतील नोकरांसाठीं देशांतील पहिला कायदा केला; १९४८ सालीं त्याच्या जागीं दुसरा आला. सध्यांचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ सालचा. त्यानें वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडें ठेवण्याची मोकळीक व्यापाऱ्यांस दिली, आणि तिच्या बदल्यांत नोकरास दिवसास ९ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा आणि आठवड्यांतून सलग २४ तासांची विश्रांति ठरवून दिली. परंतु हीं कलमें दहा किंवा अधिक माणसें ठेवणाऱ्यांस लागू करण्यांत आलीं. त्याहून लहान दुकानदारानें आपल्या धंद्याची नुसती सूचना दिली म्हणजे झालें. पुढें सप्टेंबर २०२५ मध्यें दहाचा आंकडा वीस करण्यास व दिवसाचे ९ तास १० करण्यास राज्य मंत्रिमंडळानें मान्यता दिली. आंकडा दहा असो कीं वीस असो, दोन-तीन माणसांचें दुकान कुंपणाबाहेरच राहतें. किमान वेतनाचा हक्क एकट्या नोकरासहि आहे, हें मालकांनीं विसरूं नये. परंतु या कायद्यांतील तासांची व विश्रांतीची हमी त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं.

मग कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसावें काय? आमचें उत्तर इतिहास देतो. ठाण्यास जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी-कामगारांची संस्था स्थापून रविवारच्या सुटीची मागणी केली. सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १० जून १८९० रोजीं, गिरणीमालकांच्या संघानें ती मान्य केली. साप्ताहिक सुटीचा फॅक्टरी कायदा त्याच्या पुढच्या वर्षीं, १८९१ सालीं, झाला. म्हणजे मालकांनीं एकत्र बसून ठराव केला तो आधीं, आणि सरकारचा हुकूम आला तो मागून. एकेकट्या मालकास "मी यंत्र थांबविलें तर शेजारचा माझें गिऱ्हाईक नेईल" अशी भीति होती. सर्वांनीं मिळून ठरवितांच त्या भीतीस जागा उरली नाहीं.

दिव्याच्या दुकानदाराची अडचणहि नेमकी हीच आहे. "माझी फळी खालीं आली कीं समोरचा दोन तास जास्त बसतो," असें तो म्हणतो. शिवाय त्याचा नफा थोडा, जागेचें भाडें जड, आणि घरपोंच माल देणाऱ्या कंपन्यांची स्पर्धा रोज वाढती. हीं सर्व कारणें खरीं आहेत, तीं आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. परंतु आम्ही दुकान बंद ठेवा असें सांगत नाहीं. तीन नोकर असतील तर एकास सोमवार, दुसऱ्यास बुधवार, तिसऱ्यास गुरुवार द्यावा; दुकान सातहि दिवस चालेल. एकच नोकर असेल तर ज्या वारीं विक्री कमी, तो वार त्याचा. राहिली स्पर्धेची गोष्ट. कंपनीच्या गोदामापाशीं नसलेली एकच वस्तु लहान दुकानापाशीं आहे, आणि ती म्हणजे गिऱ्हाइकास नांवानें ओळखणारा, आजीला कोणता तांदूळ चालतो हें ठाऊक असलेला माणूस. तो माणूस थकून चिडचिडा झाला कीं दुकानाचें भांडवलच बुडालें म्हणावयाचें.

सुटी मिळाली तर हे लोक ती पत्ते कुटण्यांत घालवितील, असाहि एक आक्षेप निघतो. घालवीनात कां! व्यापारी आपला रिकामा वेळ कसा घालवितो, हें त्यास कोणी विचारीत नाहीं. परंतु कोणास भजनाची आवड असते, कोणास क्रिकेटची, कोणास अर्धवट राहिलेली परीक्षा द्यावयाची असते. एका बाजूस कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून व दुसऱ्या बाजूस ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभें आहे. या दोहोंच्या मध्यें राहणाऱ्या तरुणास त्यांचा उंबरा ओलांडण्यास आठवड्यांतून एक दिवस मिळूं नये, ही आमच्या गांवास शोभणारी गोष्ट नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी. स्टेशनाच्या पूर्वेच्या व पश्चिमेच्या दुकानदारांनीं आपापल्या आळीपुरती बैठक बोलवावी. प्रत्येक नोकरास पगार न कापतां आठवड्याचा एक ठरलेला वार द्यावा. रात्रीं दुकान मिटण्याची एक वेळ सर्वांनीं मिळून नेमावी. आणि नोकरांचे वार दुकानांत पाटीवर लिहून लावावेत, म्हणजे ते मर्जीवर राहणार नाहींत. गिऱ्हाइकांनींहि अर्धें शटर खालीं आल्यावर "एवढेंच द्या हो" म्हणून तें पुन्हां वर करावयास लावूं नये. औषधाची गोष्ट वेगळी. साबणाची वडी सकाळपर्यंत थांबूं शकते.

या कामास सरकारी मंजुरी लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं. एका आळींतील दहा-बारा मालकांचें एकमत झालें म्हणजे पुरे. जी आळी हा ठराव प्रथम करील, तिच्याकडे चांगलीं माणसें नोकरीस आपण होऊन येतील व आलेलीं टिकतील. येत्या गणेशोत्सवाच्या गर्दीपूर्वीं अशी एक तरी बैठक दिव्यांत भरावी, अशी आमची व्यापारी बंधुभगिनींस आग्रहाची विनंति आहे.