उजव्या खुर्चीवर डोळा

मस्कत-ढाका विमाने रायपूरच्या आसपासच्या आकाशातून जातात. 27 ऑगस्ट 2021 रोजी मस्कतहून निघालेले बिमान बांगलादेशचे बोइंग 737 याच टापूत असताना कॅप्टन नौशाद यांना हृदयविकाराचा झटका आला. मागे सव्वाशेच्या आसपास प्रवासी. सहवैमानिकाने कोलकात्याच्या हवाई नियंत्रण कक्षाला कळवले, तिकडून नागपूर गाठण्याचा सल्ला मिळाला आणि त्याने विमान नागपूरला सुखरूप उतरवले. कॅप्टन तीन दिवसांनी नागपुरातच वारले. याच कॅप्टननी 2016 मध्ये टायर फुटलेले विमान सहीसलामत उतरवून वाहवा मिळवली होती. माणूस कसलेला होता. पण हृदय काही अनुभव विचारून बंद पडत नाही.

आता नेमक्या त्या सहवैमानिकाच्या खुर्चीवर विमान उद्योगाचा डोळा आहे. लांब पल्ल्याच्या उड्डाणात विमान एकदा उंचीवर स्थिरावले की एकच वैमानिक पुढे बसेल, दुसरा झोपेल. म्हणजे आज तीन-चार वैमानिक लागतात तिथे दोघांत भागेल. ही पहिली पायरी. शेवटची पायरी म्हणजे सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकटाच वैमानिक. एअरबसने 2019 मध्ये ए-350 विमानाला कॅमेऱ्यांच्या नजरेवर आपोआप धावपट्टी सोडायला लावून दाखवले आहेच.

यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. एके काळी कॉकपिटमध्ये नॅव्हिगेटर, रेडिओ ऑपरेटर, फ्लाइट इंजिनिअर असा गोतावळा असे. तो एकेक करून उतरला आणि विमानप्रवास जास्तच सुरक्षित झाला. मग आणखी एक उतरला तर काय बिघडले, हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण त्या तिघांकडे कामे होती आणि कामे यंत्राला देता येतात. दुसऱ्या वैमानिकाचे मुख्य काम पहिल्यावर लक्ष ठेवणे हे आहे. एक विमान चालवतो, दुसरा आकडे मोठ्याने उच्चारतो आणि समोरून प्रतिसाद येण्याची वाट पाहतो. दोनदा विचारूनही उत्तर आले नाही, तर समोरचा अक्षम झाला असे धरून ताबा घ्यायचा, असे प्रशिक्षणात घोटून घेतले जाते. सोबती मागे बंकवर घोरत असेल, तर दोनदा विचारणार कोण? यंत्र धोक्याची घंटा वाजवेल, झोपलेला उठेल. पण गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचे डोके ताळ्यावर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ आकाशात मिळतोच असे नाही.

ही वैमानिक संघटनांची ओरड नव्हे. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, ईएएसएने, या कल्पनेचा अभ्यास करवून घेतला. आजच्या कॉकपिटमध्ये एकट्या वैमानिकाचे उड्डाण दोघांइतकेच सुरक्षित असल्याचे पुरेसे सिद्ध करता येत नाही, असा निष्कर्ष 2025 मध्ये आला. अडचणींच्या यादीत थकवा, झोपेची गुंगी, अक्षम झालेला वैमानिक यांच्याबरोबर वैमानिकाचे नैसर्गिक विधीही आहेत. एकट्याला लघवीला जायचे झाले तर विमान कोण बघणार, या पेचाशी एवढ्या मोठ्या संस्थेला झुंजावे लागले, यातच बरेच आले.

आणि यंत्रही थकते. 7 ऑगस्ट 2015 रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेले युनायटेड एअरवेजचे एमडी-83 इंजिन बिघडल्यामुळे रायपूरला उतरले. प्रवासी सुटले, विमान मात्र पुढे कित्येक वर्षे माना विमानतळावर बेवारशासारखे पडून राहिले. एकाच मार्गावर एकदा इंजिनाने दगा दिला, एकदा माणसाच्या हृदयाने.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो, पण तयार होतो उजव्या खुर्चीत. रायपूर-नागपूर वाटेवरच्या गोंदियाजवळ बिरसीला विमानचालन शिकणारी पोरे घरच्यांच्या कर्जाच्या भरवशावर जेमतेम दोनशे तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक परवाना मिळवतात. कॅप्टनच्या परवान्यासाठी 1500 तास लागतात. मधली शिदोरी ती बांधतात कसलेल्या माणसाशेजारी बसून, पावसाळी ढगांतून वाट काढताना त्याचे हात पाहून. ती खुर्ची गेली, तर वीस वर्षांनी एकट्याने विमान नेण्याच्या लायकीचा माणूस आणायचा कुठून? सिम्युलेटरमध्ये ढग असतात, घाम मात्र बेताचाच येतो.

आधी मालवाहू विमानांवर प्रयोग करू, असाही एक सूर आहे. मालवाहू विमानात प्रवासी नसतात. पण परदेशी मालवाहू विमान ज्या रायपूरवरून जाते तिथे लाखो माणसे राहतात, आणि त्या विमानाचा नियम परदेशात ठरलेला असतो. डिसेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी कोलमडून इंडिगोची उड्डाणे धडाधड रद्द झाली, तेव्हा आपले नागरी विमान वाहतूक खाते कसे उशिरा जागे होते ते देशाने पाहिले. एकट्या वैमानिकाच्या विमानाला भारतीय आकाशात, वरून नुसते जाण्यापुरतेही, मुभा नाही, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पहिला अर्ज टेबलावर येण्याआधीच लेखी जाहीर करावे.