झाडावरचा घोयरा, पायाखालची घोणस

पावसाळा लागला की रात्रीच्या जंगलफेऱ्यांच्या जाहिराती सुरू होतात. डोक्याला टॉर्च बांधून मंडळी रानात शिरतात. माळरानाच्या कडेची झुडपे किंवा कोरडे पानझडी जंगल असेल आणि नशीब जोरावर असेल, तर घोयरा दिसतो. घोयरा म्हणजे आपल्याकडचा खराखुरा शॅमेलिऑन. कुंपणावर मान हलवणारा नेहमीचा सरडा वेगळा.

दिवसा समोर असूनही न दिसणारा हा प्राणी रात्री सहज सापडतो. अंधार पडला की तो फांदीच्या टोकाकडे जाऊन झोपतो आणि झोपेत त्याचा रंग फिकट होतो. गडद पानांत, टॉर्चच्या झोतात तो उठून दिसतो. मात्र साधा सरडाही रात्री काटकीवरच झोपतो आणि तोही फिका दिसतो. म्हणून ओळख रंगावरून पटवू नये, पाय पाहावेत. घोयऱ्याची बोटे दोन आणि तीन अशा जुडग्यांत जोडलेली असतात आणि फांदी चिमट्यासारखी धरतात. सरड्याची बोटे सुटी असतात. घोयऱ्याची शेपटी गुंडाळलेली किंवा फांदीला वेढा घातलेली, तर सरड्याची लांब आणि सरळ. घोयऱ्याच्या डोक्यावर टोपीसारखा उंचवटाही असतो. हे सारे हात न लावता, चार पावलांवरून दिसते.

तरीही फोटोसाठी फांदी वाकवली जाते, प्राणी हातावर घेतला जातो. झोपमोड झालेला घोयरा काळपट पडतो आणि ‘रंग बदलला!’ म्हणून सगळे खूश होतात. तो रंग कौतुकाचा नव्हे, त्रासाचा असतो. गावाकडे याउलट, विषारी समजून त्याला दगड मारतात. त्याला विष मुळीच नाही. चावलाच तर चिमटा बसेल, इतकेच. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

विष असते ते खाली. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे नेमके या फेऱ्यांच्या हंगामातले. घोणस आणि मण्यार रात्री फिरतात, आणि घोयरा शोधणाऱ्यांचे सगळे झोत मात्र वर, फांद्यांवर. पायांत सँडल. आंबोलीसारख्या घाटात तर फांदीवरही भरवसा नाही. तिथे मलबारी चापडा बसलेला असतो. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांसाठी बनते, चापड्यासाठी नाही.

घोट्यावर येणारे बूट आणि जाड पँट हवी. गटातल्या एकाचा टॉर्च कायम वाटेवरच हवा. दंश झालाच तर दोरी आवळू नये, जखम कापू-चोखू नये. तो हात किंवा पाय न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री लस आणि डॉक्टर दोन्ही असतात, हे पैसे भरण्याआधीच आयोजकांना विचारावे. ‘आजवर कधी काही झालेलं नाही’ असे उत्तर आले, तर त्यांच्याबरोबर जाऊ नये.