दिव्याला टोपी घाला

"आर्ट्‌सचा मुलगा आणि आभाळाचे फोटो?" हा प्रश्न मी वर्षभर ऐकतो आहे. जणू कृत्तिकांचा सातबारा सायन्सवाल्यांच्या नावावर आहे!

लग्नाचे फोटो काढणाऱ्या मामाचा कॅमेरा मागून मी माघात खळ्यावर बसतो. पृथ्वी फिरते म्हणून पाच-पाच सेकंदांचेच फोटो घ्यावे लागतात. असे दोनशे फोटो संगणकावर एकमेकांवर ठेवले की कृत्तिकांभोवती निळसर धुके उमटते. ती धूळ आहे. ताऱ्यांच्या उजेडाने उजळलेली. तो उजेड सुमारे ४४० वर्षांपूर्वी, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी निघालेला. मित्र याला संगणकाची करामत म्हणतात. पण १८८५ साली पॅरिसच्या हेन्री बंधूंना माया या ताऱ्याभोवतीचे धुके फोटोच्या काचेवरच प्रथम सापडले. तेव्हा कुठला संगणक?

यंदा चावडीपाशी उंच खांबावर पांढराशुभ्र दिवा आला. फोटोत तारे राहिले, धुके गेले. मी कुरकुरलो, तर आई म्हणाली, "तुला तारे दिसावेत म्हणून आम्ही विंचू तुडवायचे का?"

तिचे खरे आहे. दिवा मलाही हवाच आहे. पण त्याच्यावर पत्र्याची टोपी असावी; उजेड पायांपुढे पडावा, आभाळात कशाला? आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावरचे दिवे तर कुत्रेही नसताना रात्रभर जळतात. (प्राचार्यांनी रागावू नये.)

टोपीसाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. त्यावर पहिला अंगठा आईचा आहे.