अवघड कामाचा प्रहर

वत्सगुल्म हें आपल्या गांवाचें प्राचीन नांव वाशीमकरांस ठाऊक असतें. वाकाटकांच्या एका शाखेची येथें राजधानी होती, हेंही पुष्कळांनीं ऐकलेलें असतें. परंतु इसवी सन ९०० च्या सुमारास कनोजच्या राजसभेंत वावरणाऱ्या राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच वत्सगुल्मांत लावून दिला आहे, ही गोष्ट थोड्यांच्याच लक्षांत असते. त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायांत कवीनें आपला दिवस कसा घालवावा, हें सांगितलें आहे. आज त्याविषयीं लिहावयाचें आहे. कारण ज्यांनीं जन्मांत एक आर्याही रचली नाहीं, त्या गृहस्थांसही तें उपयोगी पडण्यासारखें आहे.

प्रातःकाळीं संध्या व सरस्वतीचें स्तवन आटोपल्यावर कवीनें पहिला प्रहर शास्त्राभ्यासांत घालवावा, दुसऱ्या प्रहरीं काव्यरचना करावी. मध्यान्हाच्या सुमारास स्नान व भोजन. भोजनोत्तर मित्रांसह काव्यगोष्ठी, प्रश्नोत्तरें, समस्या. आणि चौथ्या प्रहरीं एकट्यानें किंवा मोजक्या जाणत्या मंडळींत बसून सकाळच्या काव्याची परीक्षा करावी, असा हा क्रम आहे. जें कष्टाचें तें भोजनापूर्वी, आणि ज्यांत मन आपण होऊन रमतें तें नंतर. आपण नेमकें उलट करतों. सकाळीं वर्तमानपत्र, मग हातांतला मोबाईल, मग टेबल आवरणें, पेन्सिलीस टोक काढणें. आणि मुख्य कामास हात घालण्याची वेळ येते तेव्हां डोळ्यांवर झापड आलेली असते. वैशाखांत तर आमच्या वऱ्हाडांत दहा वाजल्यापासूनच डोकें चालेनासें होतें. शेतकरी जड काम ऊन चढण्यापूर्वी उरकतो, आणि उन्हाळ्यांत शाळाही सकाळची होते. मग घरांतील कर्त्या पुरुषानेंच आपलें जड काम दुपारच्या पंख्याखालीं कां ठेवावें?

जड काम म्हणजे लांबलचक काम नव्हे. ज्याची आठवण होतांच मन दुसरीकडे धांवतें, तें काम जड समजावें. आपल्याकडील एक उदाहरण घ्या. वडील निवर्ततात, चार एकर जमीन असते, दोन भाऊ व दोन बहिणी असतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणें वारसाहक्कानें जमीन मिळाल्याची खबर तीन महिन्यांच्या आंत गांवच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यास आपण तलाठी म्हणत आलों त्याच्याकडे, द्यावयाची असते. अर्ज एका पानाचा. पण तेरावें होतें, वर्षश्राद्ध होतें, सातबाऱ्यावर नांव वडिलांचेंच राहतें. पुढें एक बहीण जाते, तिच्या जागीं तिचीं तीन मुलें येतात. त्यांतील एक पुण्यास, एक अमेरिकेंत. ज्या अर्जास अर्धा तास पुरला असता, त्यासाठीं आतां सह्या गोळा करण्यांत वर्षें जातात, आणि एकमेकांच्या घरीं जाणेंयेणेंही बंद पडतें. येथें अर्ज अवघड नव्हताच. धाकट्या भावास फोन करून, “आबांच्या जमिनीचें एकदां बोलून घेऊं,” हें पहिलें वाक्य उच्चारणें अवघड होतें. तेवढेंच सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासांत करावें. बाकीचें काम पुष्कळसें आपल्या पायांनीं चालूं लागतें.

उद्यां सकाळीं काय करावयाचें, हें मात्र आदल्या रात्रीं ठरवून एका ओळींत लिहून ठेवावें. सकाळीं ठरवूं म्हटलें कीं मन सोपें तेंच निवडतें.

गीतेनें दीर्घसूत्री माणसाची गणना तामस कर्त्यांत केली आहे. तथापि प्रत्येक लांबलेल्या कामामागें आळसच असतो, असें मानणें अन्यायाचें होईल. लोकमान्यांचें गीतेवरील चिंतन पुष्कळ वर्षांचें होतें. पण ‘केसरी’, सभा, खटले यांतून ग्रंथाचें लेखन झालें तें १९१०–११ च्या हिंवाळ्यांत, मंडालेच्या तुरुंगांत, शिसपेन्सिलीनें, कांहीं महिन्यांत. १९१४ सालीं ते सुटले व १९१५ सालीं ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झालें. त्यांस आळशी कोण म्हणेल? पण निकडीचीं कामें महत्त्वाच्या कामास कशीं गिळतात, हें यावरून दिसतें.

शांतिपर्वांत तर दोन्ही बाजू आहेत. मेधावी नांवाचा पुत्र पित्यास सांगतो कीं उद्यांचें आज व दुपारचें सकाळींच करावें, मृत्यु कोणासाठीं थांबत नाहीं. त्याच पर्वांत चिरकारीची कथा आहे. गौतम क्रोधाच्या भरांत त्यास मातृवधाची आज्ञा देऊन वनांत जातो. मुलगा विचार करीत बसतो. आणि पश्चात्तापानें परतलेला पिता त्याच्या त्या दिरंगाईबद्दल त्यास पोटाशीं धरतो. रागाचें पत्र, कोर्टाची नोटीस, सोयरीक मोडण्याचा निरोप हीं कामें सकाळीं उठल्याबरोबर करण्याच्या यादींत घालूं नयेत. तीं चिरकारीकडे सोंपवावीं. आपण बहुधा हींच तत्परतेनें उरकतों.

विद्यार्थ्यांनीं राजशेखराची चौथ्या प्रहराची युक्ति ध्यानांत धरावी. रचनेच्या आवेशांत दोष दिसत नाहींत, असें त्याचें म्हणणें. तेव्हां गणित सकाळीं सोडवावें, निबंध सकाळीं लिहावा, आणि तपासणी दुपारनंतर. ओळीओळीला खोडत बसणाऱ्या मुलाची पहिली ओळच पुरी होत नाहीं, हें वर्गांत फार पाहिलें.

एक शंका भगिनीवर्गाकडून येईल, आणि ती रास्त आहे. पहिला प्रहर ज्यांच्या मालकीचा आहे त्यांनीं या गोष्टी कराव्या. ज्या बाईचा पहिला प्रहर चहा, डबे व देवाच्या फुलांत जातो, तिनें काय करावें? राजशेखरानें स्त्रियाही कवि होऊं शकतात असें स्पष्ट लिहिलें आहे, पण त्यांच्या घरची चूल कोणीं पेटवावी, तें लिहिलें नाहीं. तिला बी. एड. ची परीक्षा द्यावयाची असेल किंवा बँकेचें प्रकरण निस्तरावयाचें असेल, तर आठवड्यांतून निदान तीन दिवस सकाळचें आधण दुसऱ्या कोणीं ठेवावें; आणि डबा कोणता भरावयाचा, हें तिला खोलीच्या दाराशीं येऊन विचारूं नये.